आर्मी डेंटल कोअरमध्ये डेंटल ऑफिसरचं रोजचं काम नक्की काय असतं? (सांगली-सातारा भागातल्या माहीतगारांनी सांगावं)

मिरजेची_डेंटिस्ट

नमस्कार. मी मिरजेची. बीडीएस झालं, सांगलीत इंटर्नशिपचे शेवटचे महिने चालू आहेत. घरात सध्या दोनच विषय असतात: एमडीएसची तयारी करायची की विश्रामबागला गाळा बघून क्लिनिक टाकायचं. माझ्या डोक्यात मात्र आर्मी डेंटल कोअरची, म्हणजे सैन्याच्या दंत विभागाची, शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक वर्षांची नोकरी) घोळते आहे.

कारण सांगते. कॉलेजचं शिबिर जत तालुक्यातल्या एका गावात होतं. तिथं बरीच म्हातारी माणसं आली. कोणाच्या हिरड्या मिशरीनं गेलेल्या, कोणाला दाढाच नाहीत. त्यात एक निवृत्त हवालदार आजोबा आले. वय सत्तरीच्या पुढे, आणि तोंडात जवळजवळ सगळे दात जागेवर. मी विचारलं तर म्हणाले, "पलटणीत दरसाल तोंड उघडून दाखवायला लागायचं. दुखत नसलं तरी." आमच्या ओपीडीत न दुखता येणारा माणूस क्वचित दिसतो, त्यामुळं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

पगार, हुद्दा, कॅन्टीन हे मला नेटवर सापडलं. मला व्यवस्था समजून घ्यायची आहे. कुठल्या जवानाला कधी खुर्चीत बसवायचं हे कोण ठरवतं? डेंटलवाल्यांचा वरिष्ठ कोण, हॉस्पिटलचा मोठा डॉक्टर की त्यांचा स्वतःचा कोणी? जिथं हॉस्पिटलच नाही तिथं काय करतात? आणि बाबांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत देते: "दात उपटायला मिलिट्रीत कशाला जायचं, ते इथं पण येतंय की."

ज्यांनी आतून पाहिलंय त्यांनी लिहावं, कृपया.

कराड_अभ्यासिका

मी स्वतः तयारी करतोय, म्हणून जाहिरातीपुरतं सांगतो. बीडीएसला शेवटच्या वर्षी किमान ५५ टक्के किंवा एमडीएस, इंटर्नशिप पूर्ण आणि नीट-एमडीएसचा स्कोअर लागतो. त्यावरून मुलाखतीला बोलावतात, मुलाखत दिल्लीला. वयाची अट ४५ च्या आत. सुरुवातीला ५ वर्षं, पुढे मुदतवाढ मिळून जास्तीत जास्त १४ वर्षं. मध्ये परीक्षा देऊन कायम कमिशनला जाता येतं. लागताना हुद्दा कॅप्टनचा.

ताई, तुम्हाला एक गोष्ट माहीत असावी. मागे एका भरतीत ३० जागांपैकी २७ पुरुषांना आणि फक्त ३ महिलांना ठेवल्या होत्या. जास्त गुण असलेल्या मुली बाहेर आणि त्यांच्यापेक्षा खूप खालच्या क्रमांकाची मुलं मुलाखतीला, असं झालं. ते प्रकरण २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं या वाटणीवर स्पष्ट नाराजी नोंदवली. त्यामुळं जुन्या जाहिरातीवर विसंबू नका. नवीन आली की तीच ओळ न ओळ वाचा.

सुभेदार_सातारा

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. बहुतेक पोरं पगार विचारतात. तुम्ही व्यवस्था विचारली.

मी सातारा तालुक्यातला. आर्मी डेंटल कोअरमधून सुभेदार म्हणून पेन्शनला आलो. माझा ट्रेड डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दात साफ करणारा आणि डॉक्टरला मदत करणारा. मी डॉक्टर नाही, त्यामुळं कुठल्या दाढेला काय करावं हे तुम्हाला सांगणार नाही. पण माणूस खुर्चीपर्यंत कसा पोचतो, आणि पोचला नाही तर काय होतं, हे मी नोकरीभर बघितलंय.

आधी रचना. तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एक आहे आणि तिचे तीन भाग आहेत: मेडिकल कोअर, डेंटल कोअर आणि मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. सगळ्यात वर डीजीएएफएमएस, म्हणजे तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेचे महासंचालक. पण डेंटलचा स्वतःचा डायरेक्टर जनरल असतो, लेफ्टनंट जनरल हुद्द्याचा, आणि तो डेंटिस्टच असतो. त्याच्याखाली प्रत्येक कमांडला कमांड मिलिटरी डेंटल सेंटर, आपलं दक्षिण कमांडचं पुण्याला. त्याच्याखाली ठिकठिकाणच्या छावण्यांत मिलिटरी डेंटल सेंटर. नाव आर्मीचं असलं तरी नेव्ही आणि एअर फोर्सचे दातही हीच कोअर बघते. तुमचं पोस्टिंग नेव्हीत पडलं तर पांढरा युनिफॉर्म घालाल आणि हुद्दाही तिकडचा लावाल.

ही कोअर उभी राहिली १ फेब्रुवारी १९४१ ला, दुसरं महायुद्ध चालू असताना. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धाला माणसं गेली, तेव्हा भारतीय सैन्याला स्वतःचा दंत विभागच नव्हता. त्या माणसांचे दात दुखले असतील तेव्हा त्यांनी काय केलं असेल, हा विचार मी नोकरीत असताना अनेकदा केलाय.

आता तुमचा मुख्य प्रश्न, जवानाला खुर्चीत कोण बसवतं. पलटणीत डेंटिस्ट नसतो. पलटणीचा एक डॉक्टर असतो, त्याला आरएमओ म्हणतात, आणि त्याची एमआय रूम, म्हणजे छोटा दवाखाना, असते. डेंटल सेंटर छावणीत एका जागी, आणि त्याच्या वाट्याला अनेक युनिटं. दुखणारा माणूस कसाही येतो, त्याला रोखायचं नसतं. पण आमचं खरं काम न दुखणाऱ्याचं. वर्षातून एकदा प्रत्येकाची तपासणी झाली पाहिजे. त्यासाठी युनिटचा कारभार बघणाऱ्या अॅडज्युटंटशी बसून कार्यक्रम ठरवावा लागतो: कुठली कंपनी कुठल्या आठवड्यात, रोज किती माणसं. ते ठरवताना फायरिंग कधी, एक्सरसाइज कधी, गार्ड ड्यूटी कोणाची, रजेवर किती, हे सगळं धरावं लागतं. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. त्यात कोर्सला गेलेले, अॅटॅचमेंटला गेलेले. तुम्ही यादी कितीही चांगली करा, काही नावं निसटतात. ती निसटलेली नावं वेगळ्या वहीत उतरवून त्यांच्या मागं लागणं हे हायजिनिस्टचं आणि क्लार्कचं काम. आणि त्या वहीवर दर आठवड्याला नजर टाकणं हे तुमचं. जो ऑफिसर ती वही मागत नाही, त्याच्या सेंटरला वर्षाअखेर आकडे भरलेले दिसतात आणि तोंडं बघायची राहिलेली असतात. मला हे मनापासून सांगायचंय.

तपासणीत आम्ही माणसं तीन ढिगांत लावायचो. एक, काही करायला नको. दोन, काम आहे पण थांबेल. तीन, आत्ता केलं नाही तर काही महिन्यांत हा माणूस कळवळणार. पलटण वर जाणार असली, म्हणजे उंचावरच्या चौक्यांवर, तर तिसऱ्या ढिगातला एकही माणूस तसाच वर जाता कामा नये. का, ते सांगतो. वरच्या पोस्टवर मोजकी माणसं. एकाची दाढ सुजली, ताप आला, तर त्याला खाली आणायचं म्हणजे सोबत माणसं द्यायची. वाट बर्फाची. हेलिकॉप्टर हवामान असेल तर. तेवढ्या वेळात त्याची ड्यूटी बाकीच्यांवर. खाली छावणीत जी दाढ अर्ध्या तासात भरून झाली असती, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप. रूट कॅनल अर्धवट ठेवून कोणाला वर पाठवायचं नाही, कारण पुढची सिटिंग कधी होईल याचा भरवसा नसतो. म्हणून पलटण कधी चढणार ही तारीख डेंटल सेंटरला फार आधी कळायला हवी. ती कळवून घेणं हे तुमचं कौशल्य. कोणी आपणहून सांगत नाही.

जिथं हॉस्पिटल नाही तिथं आपणच जायचं. घडीची खुर्ची, लहान कॉम्प्रेसर, हातातली अवजारं, जनरेटर, आणि दोन-तीन माणसांचं पथक. उंचावर काही गोष्टी कॉलेजात शिकवल्याप्रमाणं चालत नाहीत. ३,००० मीटरवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं, म्हणजे अवजारं नुसती उकळून घेतली की झालं असं समजायचं नाही. दाबाच्या वाफेनं जंतू मारणारा ऑटोक्लेव्हच लागतो, आणि त्याचा काटाही खालच्यापेक्षा वर न्यावा लागतो. थंडीत सिमेंट नीट कालवलं जात नाही. भूल देण्याच्या कार्ट्रिजेस आम्ही जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचो, म्हणजे टोचताना जवानाला कमी त्रास. तिथं उजेडासाठी तंबूचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं हेसुद्धा डॉक्टरनं आधी ठरवावं लागतं.

एक गोष्ट थोडी जड आहे, पण डेंटल कोअरमध्ये जाणाऱ्यानं ती आधीच समजून घ्यावी. प्रत्येक माणसाच्या दातांची नोंद, कुठला दात नाही, कुठला भरलाय, कुठल्यावर कॅप आहे, ही फक्त इलाजासाठी नसते. स्फोटात, आगीत, विमान अपघातात माणूस चेहऱ्यानं ओळखू येत नाही तेव्हा त्या नोंदीवरून त्याला घरी पाठवतात. म्हणून रजेवर गावाकडं जाऊन दाढ काढून आलेला जवान परत आला की आम्ही त्याला बोलावून कार्ड दुरुस्त करायचो. तो म्हणायचा, सुभेदार साहेब, दाढ गेली की गेली, लिहायचं काय त्यात. मी त्याला तोंडावर कारण सांगत नसे. पण लिहून घेतल्याशिवाय सोडतही नसे.

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. दात उपटावे लागतातच. पण चांगल्या चाललेल्या सेंटरला उपटायचे दात वर्षागणिक कमी होत जातात, आणि ते मी बघितलंय.

मिरजेची_डेंटिस्ट

काका, खूप खूप आभार. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कार्डाबद्दलचा भाग ऐकून ते काही बोलले नाहीत, नंतर स्वतःच विचारलं की मुलाखत कधी असते.

दोन शंका राहिल्या. एक, हात. कॉलेजात जे शिकले, रूट कॅनल, सर्जरी, कवळी, ते तिथं चालू राहतं का? दुसरी, मी चोवीस वर्षांची, तिथं गेल्या गेल्या कॅप्टन. माझ्या हाताखाली काकांसारखी माणसं, ज्यांचा अनुभव माझ्या वयाएवढा. हे कसं निभावतं?

सांगली_विश्रामबाग_क्लिनिक

मी शॉर्ट सर्व्हिस करून परत आलेली डेंटिस्ट, आता इथंच प्रॅक्टिस. सुभेदार साहेबांनी लिहिलंय त्यातलं अक्षर न अक्षर खरं आहे. मी ऑफिसरच्या बाजूनं भर घालते.

हाताचं म्हणशील तर, हात चालू राहतो, आणि इथल्यापेक्षा एका बाबतीत जास्त मोकळा राहतो. समोरच्याला खर्च परवडेल का हा विचार तिथं करावा लागत नाही. जी दाढ वाचवता येते ती वाचवायची, बस. इथं क्लिनिकमध्ये रोज एखादी वाचण्यासारखी दाढ पैशापायी काढावी लागते तेव्हा मला ते दिवस आठवतात. उलट बाजू अशी की जवान तरुण असतात. पूर्ण कवळ्या, म्हाताऱ्या रुग्णांचे प्रश्न हे कमी दिसतात. कुटुंबं आणि लहान मुलं छावणीत येतात, ते काम भरपूर. जबड्याचे फ्रॅक्चर, गोळीच्या जखमा हे मोठ्या केंद्रांवर, तिथं मॅक्सिलोफेशियल सर्जन असतात. तुला त्यात रस असेल तर नोकरीत राहून एमडीएसचा मार्ग आहे, पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, दंतशल्य विभाग आहे. मात्र त्यासाठी बॉंडचे नियम नीट वाच.

आणि तू डेंटिस्टसोबत ऑफिसरही आहेस. लहान स्टेशनवर ऑफिसर कमी, त्यामुळं मेसचा हिशोब, स्टोअरची मोजदाद, चौकशी समिती, शाळेतला कार्यक्रम, सगळं तुझ्याकडं येतं. पहिल्या वर्षी मला याचा जाच वाटला. पण स्टोअर मोजायला बसले तेव्हा मला कळलं की हँडपीस, म्हणजे दात कोरायचं यंत्र, बंद का पडतात आणि नवे वेळेवर का येत नाहीत. औषधं, साहित्य हे सैन्याच्या मेडिकल स्टोअर्स डेपोतून येतं, पुणे, मुंबई, दिल्लीला असे डेपो आहेत. मागणी वर्षाचा अंदाज धरून करायची असते. कमी मागितलं तर मार्च गाठता गाठता दात भरायचं कंपोझिट संपतं. जास्त मागितलं तर मुदत संपून टाकून द्यावं लागतं आणि त्याचा जाब द्यावा लागतो. मोडलेलं अवजारसुद्धा परस्पर फेकता येत नाही, बोर्ड, म्हणजे ऑफिसरांची समिती, बसवून बाद करावं लागतं. हे सगळं किचकट वाटेल. पण ज्या ऑफिसरला इंडेंट, म्हणजे हा मागणीचा कागद, समजतो, त्याच्या खुर्चीवर काम अडत नाही.

साहेबांनी सांगितलेले तीन ढीग, त्याचंच काटेकोर रूप बाहेरच्या सैन्यांतही आहे. अमेरिकन सैन्य दातांच्या तयारीनुसार माणसांचे चार वर्ग करतं. पहिला वर्ग म्हणजे काही करायला नको. दुसरा म्हणजे काम आहे, पण पुढच्या १२ महिन्यांत अडचण येईल असं वाटत नाही. तिसरा, १२ महिन्यांत दुखणं उठण्याची शक्यता. चौथा, ज्याची तपासणीच झालेली नाही. तिसऱ्या-चौथ्याला मोहिमेवर पाठवायचं नाही. मला त्यातला चौथा वर्ग फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला बघितलंच नाही, त्याला ठीक समजायचं नाही.

हे शहाणपण सगळ्यांना ठेच लागूनच आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिशांचे कितीतरी सैनिक केवळ दातांमुळं निकामी झाले, रेशनचं कडक बिस्किट चावता येईना. तरी १९१४ ला फ्रान्समध्ये सैन्य उतरलं तेव्हा सोबत डेंटिस्ट नव्हते. सेनापती हेगची दाढ ऐन लढाईच्या धामधुमीत दुखायला लागली, पॅरिसहून डेंटिस्ट बोलवावा लागला, आणि मग चक्रं हलली. ब्रिटिशांची स्वतंत्र डेंटल कोअर १९२१ मध्ये झाली. साहेबाची दाढ दुखल्यावर व्यवस्था उभी राहिली, याचा मला अजून राग येतो. जवानांच्या दाढा त्याआधीही दुखतच होत्या.

एअर फोर्स किंवा नेव्हीत गेलीस तर वेगळं बघायला मिळेल. उंचीवर किंवा पाण्याखाली हवेचा दाब बदलला की कच्च्या भरलेल्या किंवा आत सडलेल्या दातात असह्य कळ येते. वैमानिकाला ती कळ विमान चालवताना येऊ द्यायची नाही, म्हणून त्यांचं तोंड फार बारकाईनं बघतात.

परत आल्यावरचं विचारलं नाहीस, पण सांगते. माझी पाच वर्षं वाया गेली असं मला एकदाही वाटलं नाही. क्लिनिक उशिरा सुरू झालं, बरोबरच्या मुलींचे पेशंट तोवर बांधलेले होते, ते खरं. पण आज माझ्याकडं प्रत्येक पेशंटचं पूर्ण चार्टिंग असतं आणि सहा महिन्यांनी फोन जातो. ती सवय तिथली.

सुभेदार_सातारा

मॅडम, जय हिंद. तुम्ही स्टोअरबद्दल लिहिलंत ते वाचून जुने दिवस आठवले.

डॉक्टर, तुमची दुसरी शंका. तुमच्याखाली तीन प्रकारची माणसं असतील. हायजिनिस्ट, खुर्चीजवळचा सहायक, ज्याला आम्ही डोरा म्हणतो, आणि कवळ्या-कॅप बनवणारा टेक्निशियन. ही माणसं मेडिकल कोअरच्या लखनौ सेंटरशी जोडलेली. त्यांना काम येतं. नव्या डॉक्टरकडून त्यांना शिकवणी नको असते. त्यांना तीन गोष्टी लागतात. सही वेळेवर व्हावी. रजेचा अर्ज टेबलावर पडून राहू नये. आणि चूक त्यांची नसेल तेव्हा ऑफिसरनं वरिष्ठांसमोर उभं राहावं. एवढं केलंत तर वयाचा प्रश्न कोणी काढणार नाही.

पहिल्याच दिवशी कुठली पद्धत बदलू नका. महिनाभर बघा, सीनियर जेसीओला, म्हणजे माझ्यासारख्या सुभेदाराला, विचारा की हे असं का करता. बऱ्याचदा कारण असतं. आमच्याकडं एकदा नवीन मॅडम आल्या. त्यांनी विचारलं की सकाळचा पहिला तास अपॉइंटमेंट का देत नाही. मी सांगितलं, त्या वेळेला रात्रीच्या गार्डवरून सुटलेली माणसं येतात. त्यांना नंतर झोपायचं असतं, रांगेत उभं केलं तर पुन्हा येतच नाहीत. त्यांनी तो तास तसाच ठेवला आणि वर स्वतः पंधरा मिनिटं आधी यायला लागल्या. त्या मॅडमची बदली झाली तेव्हा गार्डवरची पोरं निरोपाला आली होती.

आणि जवानाशी बोलताना मराठीत, हिंदीत, त्याला कळेल असं बोला. जबड्याला गोळी लागली तरी न ओरडणारा माणूस सुईला घाबरतो. त्याला ते कबूल करायची लाज वाटते. एकांतात विचारा.

तासगावचा_बाप

सुभेदार साहेब, विषय थोडा सोडून विचारतो, माफ करा. माझा मुलगा १८ वर्षांचा. सैन्यभरतीची तयारी करतोय, रोज पहाटे पळतो. त्याची खालची उजवीकडची एक दाढ आठवीत असताना काढली. आता डावीकडची खालची दुखतेय, गावातल्या दवाखान्यात काढून टाका म्हणाले. भरतीत दातावरून नापास करतात असं ऐकलंय. काढू का नको? अकादमीतली मुलं म्हणतात खोटी बसवली की चालतं.

सुभेदार_सातारा

साहेब, माफी कशाला, हे इथंच विचारायचं. काढायची घाई करू नका.

भरतीत दातांचे गुण मोजतात, किमान १४ लागतात. हिशोब असा. वरचा दात आणि त्याच्यासमोरचा खालचा दात अशी जोडी धरायची. पुढचे दात, सुळे आणि त्यांच्यामागच्या लहान दाढा, या प्रत्येक जोडीला एक गुण. मोठ्या दाढांच्या जोडीला दोन गुण. बत्तीसच्या बत्तीस असले आणि अक्कलदाढा पूर्ण वाढलेल्या असल्या तर एकूण २२. अक्कलदाढा अर्धवट असतील तर २०. अठराव्या वर्षी पुष्कळ पोरांना अक्कलदाढा आलेल्याच नसतात, मग १८ वरून मोजायला सुरुवात.

तुमच्या मुलाची उजवीकडची एक मोठी दाढ गेली, म्हणजे दोन गुण गेले, १६ राहिले. वरची तिच्यासमोरची दाढ कितीही चांगली असली तरी जोडीदार नाही म्हणून तिचा गुण नाही. आता डावीकडची काढली की १४. आकड्यानं काठावर पास, पण त्यानंतर एक जरी दात बिघडला तरी संपलं. शिवाय नुसते गुण पुरत नाहीत. वरच्या जबड्यातल्या पुढच्या सहापैकी निदान चार आणि मागच्या दहापैकी निदान सहा दात कामाचे लागतात, आणि दोन्ही बाजूंनी चावता आलं पाहिजे. एकाच बाजूनं चावणारा चालत नाही. काढता-घालता येणारे किंवा तारेनं अडकवलेले खोटे दात चालत नाहीत, अकादमीतल्या पोरांचं त्यात ऐकू नका.

म्हणून डावीकडची दाढ वाचत असेल तर वाचवा. रूट कॅनल करून वर पक्की कॅप बसवता येते का ते विचारा. शेवटचा निर्णय मेडिकल बोर्डाचा, ते मी देऊ शकत नाही. पण काढलेली दाढ परत येत नाही आणि वाचवलेली मोजायला तरी राहते.

आणखी एक. मुलगा गुटखा, मावा, तंबाखू काही घेत असेल तर आजच बंद. हिरड्या पू धरलेल्या असल्या तरी अडवतात, आणि तोंड पुरेसं उघडत नसेल तरीही. पहाटे पळणारी पोरं मैदानाच्या कडेला मावा मळताना मी साताऱ्यात रोज बघतो, आणि काळजात चर्र होतं.

तासगावचा_बाप

मावा घ्यायचा, आता सोडलाय म्हणतो. दाढ काढायची थांबवतो. पण रूट कॅनल आणि कॅपचा खर्च तासगावात विचारला तर झेपण्यासारखा नाही.

मिरजेची_डेंटिस्ट

दादा, मुलाला सांगलीला आमच्या कॉलेजच्या ओपीडीत घेऊन या. मेसेजमध्ये पत्ता आणि माझी वेळ पाठवते. तिथं खर्च बाहेरच्यापेक्षा बराच कमी येतो. सकाळी नऊच्या आधी आलात तर केसपेपर लवकर निघतो आणि एक्स-रे त्याच दिवशी होतो. येताना त्याला नाश्ता करून आणा, उपाशी नको. आठवीत दाढ काढली तेव्हाचा कागद घरात असेल तर सोबत घ्या. नसला तरी हरकत नाही. मी सगळ्या तोंडाचं चार्टिंग करून गुण मोजून देते, आणि दाढ वाचते का ते आमच्या सरांना दाखवून त्याच दिवशी सांगते.

सूज आली किंवा तोंड उघडेना झालं तर मात्र दिवस बघू नका, तसेच निघून या.